क्वेकरांचं जुनं लिखाण वाचायला घेताय? आधी टोपीचं भांडण समजून घ्या

17व्या शतकातल्या इंग्लंडच्या क्वेकर लोकांचं (चर्चपासून वेगळा झालेला एक ख्रिस्ती पंथ) लिखाण नेटवर स्कॅन केलेलं फुकटात मिळतं, पण उघडलं की चार पानांत दम निघतो. मी थेट हा पंथ काढणाऱ्या जॉर्ज फॉक्सच्या जर्नलला, म्हणजे त्याच्या आठवणींच्या पुस्तकाला, हात घातला होता, बाबा या गावात जातो, मार खातो, तुरुंगात जातो, सुटतो, की पुढच्या गावात परत तेच. तुम्ही तसं करू नका.

सुरुवात करा 1670 च्या विल्यम पेन आणि विल्यम मीड या दोन क्वेकरांच्या खटल्यापासून. लंडनला ग्रेसचर्च स्ट्रीटवरचं यांचं सभागृह सैनिकांनी अडवलं म्हणून रस्त्यातच सभा झाली आणि दंगलीचा खटला लागला. ज्युरी दोषी म्हणेना, तर कोर्टाने ज्युरीलाच अन्नपाण्याशिवाय कोंडून ठेवलं, वर दंड ठोकला! त्यातला एडवर्ड बुशेल वरच्या कोर्टात गेला आणि निकालासाठी ज्युरीला शिक्षा करता येत नाही हे तिथे ठरलं. सगळं सवाल-जवाबात आहे, नाटकासारखं वाचून होतं.

मग जर्नलकडे या, आणि तेही 1656 च्या लॉन्स्टन गावातल्या खटल्याच्या पानांपासून. फॉक्स कोर्टात टोपी काढत नाही. न्यायाधीश ग्लिन काढ म्हणतो, हा म्हणतो कायद्यात कुठे लिहिलंय ते दाखव. ग्लिन चिडतो, मी काय कायद्याची पुस्तकं पाठीवर घेऊन फिरतो का म्हणतो, याला बाहेर घालवतो, मग परत बोलावून विचारतो की बायबलमधल्या मोशेपासून दानिएलापर्यंत टोप्या होत्या तरी कुठे, सांग. फॉक्स शांतपणे दानिएलाचा तिसरा अध्याय काढतो, तिथे तिघांना भट्टीत टाकलं ते टोप्यांसकट. (ग्लिनचा चेहरा काय झाला असेल!) टोपी फक्त देवापुढे काढायची, माणसापुढे नाही, एवढंच यांचं म्हणणं.

'दाउ'चं (thou, इंग्रजीतला जुना 'तू') पण तसंच. मोठ्या माणसाला 'यू' आणि पोराटोरांना, नोकरांना 'दाउ' अशी तेव्हा रीत होती, आणि हे लोक न्यायाधीशालासुद्धा 'दाउ' म्हणायचे. आपल्याला हे समजवावं लागत नाही, कलेक्टरला कुणी 'ए तू' म्हटलं तर काय होईल ते डोळ्यापुढे आणा. वाचताना 'दाउ' दिसलं की मनात 'तू'च म्हणा, समोरचा का भडकला ते लगेच कळतं.

तिसरी गोष्ट शपथ, आणि खरा फास हाच होता. बायबल म्हणतं शपथ वाहूच नका, म्हणून हे वाहायचे नाहीत. दुसरा काही गुन्हा सापडला नाही की राजनिष्ठेची शपथ पुढे करायची, नाही म्हटलं की प्रीम्युनायरी, म्हणजे मालमत्ता राजाची आणि राजा सोडेल तेव्हा सुटका. मार्गारेट फेल या क्वेकर बाईला 1664 मध्ये हीच शिक्षा झाली, आणि बायकांनी धर्मावर बोलावं का यावरचं तिचं 1666 चं पुस्तक तिने लँकेस्टरच्या तुरुंगातूनच लिहिलं.

आता तारखा, इथे मी तोंडावर आपटलोय. महिन्यांची नावं रोमन देवांची म्हणून हे नुसते आकडे लिहितात, आणि पहिला महिना मार्च. अमेरिकेत बोस्टनला मेरी डायर या क्वेकर बाईला फाशी झाली तो चौथा महिना मी एप्रिल धरून बसलो होतो, तो निघाला जून, 1 जून 1660. सोपी युक्ती सांगतो, सप्टेंबर म्हणजे सप्त, ऑक्टोबर अष्ट, नोव्हेंबर नव, डिसेंबर दश, या हिशोबाने मोजा, चुकत नाही. शिवाय वर्ष 25 मार्चला बदलायचं, आपल्या चैत्राच्या आसपास, त्यामुळे फॉक्स वारला ते तिथे 1690 चा अकरावा महिना असं दिसेल, आपण लिहितो जानेवारी 1691. 1752 नंतर ही कटकट नाही.

छळाच्या नोंदी हव्या असतील तर जोसेफ बेस्सेचे 1753 चे दोन जाड खंड आहेत, 1650 ते 1689 चा काळ, परगण्याप्रमाणे लावलेला. सलग वाचू नका, एक परगणा धरा. 'डिस्ट्रेस' शब्द आला की दुःख नाही समजायचं, जप्ती समजायची. चर्चचा दशांश कर दिला नाही म्हणून गाय नेली, भांडी नेली, आणि मागणी किती होती नि माल किती किमतीचा नेला हे दोन्ही आकडे जिथे शेजारी दिलेत तिथे जरा थांबा. एका गाईचा हिशोब वाचला की बाकीचं आपोआप उलगडतं.

आणि एक, हे सगळं त्यांनी स्वतःच लिहिलेलं, वर 1673 पासून छापायच्या आधी लंडनची त्यांची सोमवारची बैठक मजकूर तपासायची. फॉक्सचं जर्नलही तो गेल्यावर थॉमस एलवुडने साफसूफ करून 1694 ला छापलं. जेम्स नेलर या क्वेकर उपदेशकाचं प्रकरण त्यात फार घाईत उरकलंय. 1656 ला तो ब्रिस्टलमध्ये येशूसारखा मिरवत शिरला, आणि पार्लमेंटने दहाएक दिवस वाद घालून त्याच्या जिभेला तापलेल्या सळईने भोक पाडलं, कपाळावर बी अक्षर (ब्लास्फेमर, म्हणजे देवनिंदक) डागलं. ते वाचायचं तर जर्नल बाजूला ठेवा आणि त्या पार्लमेंटमध्ये बसलेल्या थॉमस बर्टनची डायरी उघडा, डिसेंबरची पानं.