अकरा इंची स्वस्त लॅपटॉपवर विंडोज ठेवायचं की काढायचं?

माझ्या बार्शीच्या दुकानात अकरा इंची लॅपटॉप घेऊन येणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: "ताई, लई हँग होतंय, रॅम वाढवून द्या." रॅम वाढत नाही. असल्या बहुतेक मशिनची 4 जीबी रॅम आणि 32 किंवा 64 जीबीची ईएमएमसी (म्हणजे हार्ड डिस्कच्या जागची साठवणीची चिप), दोन्ही बोर्डावरच सोल्डर केलेली. बदलता येते ती फक्त ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे मशिन चालवणारं विंडोज.

आधी सी ड्राइव्ह बघा. एकूण आकडा 28-29 जीबी दिसला, तर मशिन 32 जीबीचं आहे आणि त्यावर विंडोज ठेवायचा हट्ट सोडा. विंडोज 11 ला किमान 64 जीबी लागतात. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. शिवाय मोठं अपडेट आलं की ते जागेअभावी मध्येच अडकतं, पुन्हा पहिल्यापासून डाउनलोड होतं, आणि मशिन त्यातच गुंतून पडतं. फोटो उडवून फारसा फरक पडत नाही, जागा विंडोजनेच खाल्लेली असते.

मग कंपन्यांनी असल्या मशिनमध्ये विंडोज दिलंच कशाला? 2007 मध्ये असुसने सात इंची ईई पीसी काढला, 4 जीबी स्टोरेज आणि आत लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. मायक्रोसॉफ्टकडे तेव्हा विंडोज व्हिस्टा होतं, ते एवढ्याशा मशिनला झेपणारं नव्हतं. त्याआधीच्या विंडोज एक्सपीची विक्री जून 2008 ला थांबायची होती, पण एप्रिलमध्येच त्यांनी छोट्या मशिनसाठी एक्सपी होम 2010 पर्यंत चालू ठेवायचं जाहीर केलं. लिनक्सचा जम बसता बसता राहिला. पुढे क्रोमबुक, म्हणजे गुगलच्या क्रोमओएसवर चालणारे स्वस्त लॅपटॉप, खपू लागले तेव्हा, 2014 मध्ये, तोच डाव पुन्हा: कंपन्यांना विंडोज 8.1 स्वस्तात, आणि एचपीचा 32 जीबीचा स्ट्रीम 11 अमेरिकेत 199 डॉलरला. माझ्या मते त्या खोक्यात विंडोज होतं ते क्रोमबुकला अडवायला. वापरणाऱ्याचं काय होईल, हा विचार नंतरचा.

64 जीबी असेल आणि काम श्रीलिपी, टॅली किंवा डिजिटल सहीच्या डोंगलचं असेल, तर मात्र विंडोज राहू द्या. त्यात 'एस मोड' असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचं काहीच बसत नाही. सेटिंगमधल्या ॲक्टिव्हेशनमधून तो फुकट काढता येतो, मात्र परत लावता येत नाही.

बाकीच्यांना दोन वाटा. नुसता ब्राउझर, यूट्यूब, ऑनलाइन फॉर्म एवढंच असेल तर क्रोमओएस फ्लेक्स, म्हणजे साध्या लॅपटॉपवर टाकता येणारं गुगलचं क्रोमओएस. त्यात प्ले स्टोअर नसतं, हे घरच्या पोरांना आधीच सांगा. ते अख्खी डिस्क पुसतं, शेजारी विंडोज ठेवू देत नाही. गुगलच्या यादीत तुमचं मॉडेल आहे का आणि त्याचा सपोर्ट कधीपर्यंत आहे, तेही बघून घ्या. ऑफलाइन टायपिंग, प्रिंटर, पेनड्राइव्हची ने-आण असेल तर लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. मी बहुतेकांना मिंटच देते.

काहीही पुसण्याआधी डेटा बाहेर काढा. विंडोजच्या लायसन्सची काळजी नको. विंडोज 8 पासूनच्या कंपनीच्या मशिनमध्ये लायसन्सची की बायोसमध्येच (बोर्डावरच्या, मशिन सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये) असते, तीच आवृत्ती परत टाकली तर ती आपोआप ॲक्टिव्हेट होते.

आता 8 जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि दुसऱ्या संगणकावर रुफस या प्रोग्रामने त्यात मिंट भरा. पेनड्राइव्हवरून सुरू व्हावं म्हणून लॅपटॉप चालू करताना एचपीला एस्केप आणि मग एफ9, लेनोव्होला एफ12. एसरला एफ12 आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावं लागतं. 2014-15 च्या काही ॲटम मशिनमध्ये प्रोसेसर 64 बिटचा आणि यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) 32 बिटचं असतं. तिथं पेनड्राइव्ह चांगला असूनही बूट होत नाही, 32 बिट यूईएफआयला चालणारा लिनक्सचा प्रकार शोधावा लागतो.

पेनड्राइव्हवरून मिंट उघडलं की लगेच इन्स्टॉल दाबू नका. एक गाणं लावा. स्वस्त इंटेल मशिनमधल्या काही ऑडिओ चिप लिनक्समध्ये मुक्याच राहतात, आणि गिऱ्हाईक ते घरी गेल्यावर फोन करून सांगतं. वायफाय दिसतंय का? नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट मिळतं, ड्रायव्हर शोधता येतो. झाकण मिटून परत उघडा, स्क्रीन उठतेय का बघा. ब्राइटनेसची बटणं दाबा. कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी लेआउट जोडून स्वतःचं नाव टाइप करा, जोडाक्षरासकट.

इन्स्टॉल करताना डिस्कच्या यादीत लोक गोंधळतात. सवयीने 'एसडीए' निवडलं जातं, पण या मशिनवर तो बहुधा तुमचाच पेनड्राइव्ह असतो. आतली ईएमएमसी 'एमएमसीबीएलके0' अशा नावाने दिसते. त्याच नावापुढे 'बूट0', 'बूट1' लिहिलेले चिमुकले तुकडे दिसले तर त्यांना हात लावू नका. आकडा 29 ते 32 किंवा 58 ते 64 जीबीच्या दरम्यान आहे, याची खात्री करूनच पुढे जा.

इन्स्टॉल झाल्यावर स्वागताची खिडकी टाइमशिफ्ट लावायला सांगते. काही बिघडलं तर मागे जाता यावं म्हणून ते सिस्टिमच्या प्रती, म्हणजे स्नॅपशॉट, ठेवतं. 32 जीबीवर नको म्हणा. त्याचे स्नॅपशॉट त्याच डिस्कवर साठतात आणि जागा पुन्हा भरते. 64 जीबीवर लावायचंच असेल तर एकच स्नॅपशॉट ठेवा.