सहामाहीच्या आधी घरात काय काय बघून ठेवायचं, पहिली ते पाचवी

गणपती गेले आणि घटस्थापना तोंडावर आली की आमच्या मजल्यावर एकच विषय चालू होतो, सहामाही कधी, कुठपर्यंत पोर्शन, गाईड कोणतं घेतलंस. आमच्याकडे यंदा मुलगी दुसरीत, मुलगा चौथीत, जाऊबाईंची मोठी पाचवीत, समोरच्या फ्लॅटमधला पहिलीतला छोटू शाळा सुटली की आमच्याकडेच जेवायला असतो आणि त्याच्या मागोमाग त्याची तिसरीतली ताई येते, म्हणजे अख्खी प्राथमिक शाळा आमच्या हॉलमधे. त्यामुळे कोणाचं काय चाललंय ते सगळं डोळ्यासमोर असतं आणि दोन-तीन वर्षं हे बघून मी एक गोष्ट शिकले, ती म्हणजे आत्ताचा धडा येत नसेल तर आत्ताचाच धडा दहा वेळा घोकून उपयोग नाही, भोक मागच्या इयत्तेत असतं. जून-जुलै ओळख-उजळणीत जातात, सप्टेंबरपासून पुस्तक चढायला लागतं आणि मागचं राहिलेलं सगळं नेमकं आत्ताच बाहेर येतं. म्हणून माझी तयारीची यादी धड्यांची नाहीये, मागे काय राहिलं ते शोधायची आहे.

आधी सामान जमवून घ्या, दुकानात पळापळ नको. आइस्क्रीमच्या पन्नासेक काड्या, नसतील तर झाडूचे हीर तोडून चालतील, मूठभर रबरबँड, खेळातल्या शंभर, दहा आणि एकच्या नोटा, पाटी, मोजपट्टी, जिल्ह्याचा नकाशा. टाइमटेबल मात्र वर्गशिक्षकांना एकदा तोंडाने विचारा, ग्रुपवरच्या फॉरवर्डवर राहू नका. मागच्या वर्षी रात्री साडेनऊला मला कळलं की उद्या कार्यानुभवाला शाडू माती हवीय, मग खालच्या कुंडीतली काळी माती भिजवून दिली आणि बाईंनी बिचाऱ्यांनी चालवून घेतली.

आणि मार्कांचं एक लक्षात ठेवा, कारण यावरून घराघरात उगाच रडारड होते. पहिली-दुसरीला आकारिक, म्हणजे वर्गात चालता चालता बघतात ते, ७० आणि संकलित, म्हणजे परीक्षेचे, ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवीला ५०-५०. म्हणजे तुम्ही ज्याला परीक्षा म्हणता तो लहान वर्गात निम्म्याहूनही कमी भाग आहे, बाकीचं वर्गातलं बोलणं, उपक्रम, वह्या, तोंडी, गृहपाठ. तेव्हा आदल्या दिवशीच्या रट्ट्यापेक्षा अपूर्ण वह्या आधी पूर्ण करून घ्या. सरकारी आणि अनुदानित शाळांत बऱ्याच इयत्तांना भाषा, गणित आणि इंग्रजी यांच्या चाचणीचे पेपर राज्याकडून छापून येतात, त्यात प्रश्न जरा फिरवून विचारतात, गाईडमधलं उत्तर जसंच्या तसं तिथे बसत नाही.

पहिलीचं फार डोक्यात घेऊ नका. छोटूचं मी एवढंच बघते की काना, वेलांटी, उकार लावलेला शब्द तो वाचतो का चित्र बघून ठोकून देतो. चित्रावर हात ठेवा, लगेच कळतं. परवा चित्र झाकलं तर "विमान"चं "हेलिकॉप्टर" वाचलंन. आणि काड्या मोजायला द्या, दहा झाल्या की रबर लावून गठ्ठा करायचा, त्याचं नाव दशक. हा गठ्ठा बांधायचा खेळ पहिलीत नीट झाला नाही ना तर पुढे तिसरीपर्यंत छळतो, कसं ते खाली सांगते. दसऱ्याला पाटीपूजन करताना एक-एक आकडे काढून सरस्वती काढायला लावा, तेवढंच आकड्याचं वळण सुधारतं आणि पोरं आवडीने करतात.

दुसरीला दोन गोष्टी, जोडाक्षरं आणि आकड्यांची नावं. जोडाक्षरात र हा खरा त्रास आहे. सूर्य, चंद्र, ट्रक, दऱ्या, एकच र पण चार ठिकाणी चार रूपं, तेव्हा हे चार शब्द सांगून लिहायला लावा, जिथे अडेल तेवढंच परत करा. वाचताना घड्याळ लावून बसू नका. निपुण भारतमधे, म्हणजे लहान मुलांच्या वाचन-गणिताच्या केंद्र सरकारच्या मोहिमेत, दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द असं अपेक्षित आहे, पण ते वर्षाच्या शेवटी आणि समजून वाचलेले, आत्ता ऑक्टोबरमधे स्टॉपवॉच लावून मुलाला घाम फोडायला नाही.

आकड्यांचं जरा जास्त सांगते. मुलीला मी सत्तावन्न सांगितलं की ती ७५ लिहायची, आणि मी चिडायचे. मग एकदा शांतपणे विचारलं तर म्हणाली, "आई, तूच आधी सात म्हणतेस ना." बरोबरच आहे की! आपल्या मराठीत सुट्टा आकडा आधी ऐकू येतो आणि लिहायचा मात्र नंतर. २०१९ मधे दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं वाचायची पद्धत आली होती आणि केवढा गदारोळ झाला होता, विधानसभेपर्यंत गेलं प्रकरण, व्हॉट्सॲपवर जोक फिरत होते. मीही तेव्हा हसले होते. आता घरात दुसरीतलं मूल आहे तर कळतंय की मंगला नारळीकरांच्या समितीला नेमकं काय दिसत होतं. मी दोन्ही बोलते, "पन्नास सात, सत्तावन्न", असं जोडीने, आठवड्याभरात पाच-सहा चुकांवरून एकावर आली. एकोणतीस, एकोणचाळीस वगैरे एकोणवाले वेगळे काढून करा, तो स्वतंत्र वैताग आहे.

आता तिसरी, इथे खरी गोम आहे. समोरच्या ताईला गणित दिलं, ३०२ वजा १४७. तिने लिहिलं २४५. कसं आलं बघा, दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढले, शून्यातून चार जात नाहीत म्हणून चारच ठेवले, तीनातून एक गेला दोन. तिचं म्हणणं मोठ्यातून लहान जातं, एवढा नियम तिने पाळलाय, आळशीपणा नाहीये. तिच्या आईने आधी वीस वजाबाक्या लिहून आणल्या होत्या, तशाच वीसच्या वीस चुकल्या. मग आम्ही फरशीवर बसलो, तीन शंभराच्या नोटा आणि दोन एकच्या, मधे काहीच नाही. म्हटलं मला १४७ दे. सात सुट्टे नाहीत, दहाची नोट पण नाही, ती बघतच राहिली, मग स्वतःच म्हणाली शंभर मोडू का. एक शंभर मोडून दहा दहाच्या, त्यातली एक मोडून दहा सुट्टे, म्हणजे हातात दोन शंभर, नऊ दहाच्या आणि बारा सुट्टे, त्यातून १४७ दिले, उरले १५५. शून्याच्या जागी नऊ का येतो हे तिला त्या दिवशी दिसलं, आधी नुसतं "तिथे नऊ लिहायचा" एवढंच पाठ होतं. हेच ते पहिलीतलं गठ्ठा बांधणं, फक्त उलटं, गठ्ठा सोडायचा. सेमीवाल्यांनी घरात बॉरो म्हणा, बाकीच्यांनी उसना म्हणा, पण नोटा एकदा हातात द्याच.

तिसरीचंच अजून एक, परिसर अभ्यास. मुलगा तिसरीत होता तेव्हा मी साताऱ्याच्या मामेबहिणीकडून तिच्या लेकाचं जुनं पुस्तक आणलं, कव्हर घालून तयार ठेवलं आणि नंतर कळलं की तिसरीचं हे पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याला वेगळं असतं, आम्ही राहतो पुणे जिल्ह्यात! तर बाकीची पुस्तकं जुनी चालतील, पण हे आधी उघडून बघा. त्यात आता अभ्यासक्रम बदलतोय, २०२५ ला पहिलीपासून सुरुवात झाली, तेव्हा जुनं पुस्तक घ्यायच्या आधी एकदा शाळेत विचारलेलं बरं. दिशांसाठी सकाळी गच्चीवर न्या, उगवत्या सूर्याकडे तोंड, डावा हात उत्तर, उजवा दक्षिण, पाठीला पश्चिम. मग तसंच वळवून संध्याकाळी विचारा, तिथे निम्मी पोरं गडबडतात कारण त्यांनी डावा हात म्हणजे उत्तर एवढंच पाठ केलेलं असतं.

चौथीला भागाकार अडला की भागाकार शिकवत बसू नका, पाढे विचारा, तेही उलटे. आठ सत्ते विचारू नका, छप्पन्न कोणाकोणाच्या पाढ्यात येतो ते विचारा. माझ्या मुलाला सगळे पाढे धडाधड म्हणता येतात पण मधूनच विचारलं की तो पहिल्यापासून रेल्वे सोडतो, तसा भागाकार होत नाही. परिसर अभ्यासात फुलपाखराचा जीवनक्रम आहे, अंडं, अळी, कोश, फुलपाखरू. घरी कढीपत्त्याची कुंडी असेल तर पावसाळा सरता सरता पानं उलटसुलट करून बघा, लिंबाची फुलपाखरं तिथेच अंडी घालतात, आणि लहान अळी अगदी पाखराची शिट पडल्यासारखी दिसते, मी दोनदा झटकून टाकली होती, तिसऱ्यांदा मुलाने हात धरला. आता कोश झालाय, रोज शाळेत जायच्या आधी हजेरी घेऊन जातो. आणि शिवरायांचा इतिहास तर चौथीचा जीव, तिथे पाठांतराची सक्ती करावी लागतच नाही, फक्त क्रम बघा, शिवनेरी, रायरेश्वर, तोरणा, मग प्रतापगड. मुलांना प्रसंग तोंडपाठ असतात पण आधी तोरणा का आधी प्रतापगड विचारलं की गप्प. जिन्यात एकेका पायरीवर एकेका किल्ल्याची चिठ्ठी लावा, येता-जाता होतं.

पाचवी म्हणजे अपूर्णांक. १/२ अधिक १/४ दिलं की हमखास २/६ येतं, वरचे वर मिळवले, खालचे खाली. यावर आपल्या भाषेतच औषध आहे. पुतणीला विचारलं, वाण्याकडून अर्धा किलो साखर आणली, परत पाव किलो आणली, किती झाली? पाऊण, पटकन. मग पाऊण म्हणजे किती, तीन चतकोर, म्हणजे ३/४, मग तुझे २/६ कुठून आले? स्वतःच खोडलंन. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द घरात मुद्दाम वापरा, हल्ली आपण सगळे सेव्हन फिफ्टी ग्राम म्हणायला लागलोय आणि मग पोरांना अपूर्णांक परका वाटतो. परिवलन म्हणजे पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं आणि परिभ्रमण म्हणजे सूर्याभोवती, यात घोळ होतो, त्याला मोसंबं आणि मोबाइलचा टॉर्च पुरे. चंद्रकला मात्र पुस्तकातून नकोच, कोजागिरीला गच्चीवर दूध प्यायला जाताच, तिथून लक्ष्मीपूजनापर्यंत रोज चंद्र काढायला लावा. तो रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे पुढेपुढे रात्री दिसत नाही, सकाळी शाळेच्या रिक्षातून दिसतो, हे पुतणीने मला सांगितलं, मी चाळीस वर्षांत बघितलं नव्हतं.

पाचवीवाल्यांनी अजून एक, आता वर्षाच्या शेवटी पास व्हावं लागतं, नाही झालं तर पुनर्परीक्षा, आठवीपर्यंत ढकलत नेतात ते जुनं झालं. आणि स्कॉलरशिप, दीडशे मार्कांचे दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, दीड तास. मधे ती चौथीवरून पाचवीला नेली होती, २०२५ मधे परत चौथीला आणायचा निर्णय झाला, तेव्हा यंदा परीक्षा कोणत्या इयत्तेला आहे ते आणि फॉर्मचं चौथी-पाचवीच्या आईबापांनी शाळेत आत्ताच विचारून ठेवा, दिवाळीच्या सुट्टीत ऑफिसात कोणी भेटत नाही.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, शाळेत कोणतंतरी पुस्तक न्यायला सांगतात, मुलाला स्वतःला निवडू द्या, कॉमिक नेलं तरी चालतं. परीक्षेच्या दिवसांत भोंडल्याला जाऊ द्या, तासाभराने काही बिघडत नाही. सुट्टीचा अभ्यास मिळेल त्याची वही वेगळी घाला आणि पहिल्या चार दिवसांत संपवून टाका. आमच्या चौथीवाल्याने यंदा किल्ला प्रतापगडच करायचं ठरवलंय, खाली जावळीचं जंगल म्हणून अळीव पेरायचेत, तेव्हा मातीच्या दोन गोण्या नर्सरीवाल्याला आत्ताच सांगून ठेवल्यात, धनत्रयोदशीला मागितल्या तर तो दुप्पट भाव सांगतो.