नव्या घरात नळाची धार बारीक : आधी जाळी, मग टाकी

कोल्हापुरात पावसाळ्यात पंचगंगा गढूळ होते. थोडा बारीक गाळ टाकीच्या तळाशी बसतो आणि पाणी कमी झालं की नळाच्या जाळीत येऊन अडकतो. भाड्याच्या घरात धार करंगळीएवढी दिसली, तर आधी सगळे नळ तपासा. सगळीकडे बारीक असेल तर टाकीचा आउटलेट व्हॉल्व्ह बघायचा. आमच्याकडे एकट्या स्वयंपाकघरात होती, म्हणजे जाळीच.

नळाच्या तोंडाला फडकं गुंडाळून पकडीने फिरवा, खालून बघताना घड्याळाच्या उलट. फडक्याशिवाय चरे पडतात. जाळी, चकती, वायसर निघतील त्याच क्रमाने ओट्यावर मांडा; वायसर वाकडा बसला की कडेने ठिबकतं. पांढरा क्षार असेल तर अर्धा तास व्हिनेगरमध्ये, मग जुना टूथब्रश. जाळी परत लावण्याआधी नळ मिनिटभर पूर्ण सोडा, नाहीतर पाइपातला गाळ पुन्हा तिथेच.

टाकी धुवायलाच हवी, घरात तान्हं बाळ असेल तर लगेच. सामाईक असेल तर घरमालकांना आधी सांगा. नायलॉनच्या ब्रशने घासा. तारेच्या ब्रशचे चरे पडले की त्यात शेवाळ धरतं. भरल्यावर १,००० लिटरला २.५ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी तेवढंच टाकीत ओता. तासभर नळ बंद. बाळाच्या दुधाचं पाणी मात्र तरीही उकळूनच घ्यायचं.