आधी कांदा-चप्पल विसरवा, मग पट्टी शिकवा

रत्नागिरीकडच्या एका खेडेगावात मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. पहिल्या वर्षी प्रथमोपचाराचे दोन तास मी नुसत्या पट्ट्या बांधण्यात घालवले. पुढच्याच आठवड्यात मैदानावर एका मुलाची पोटरी पत्र्याने कापली, आणि माझे हुशार विद्यार्थी पेटीची किल्ली शोधत ऑफिसकडे धावले. जखम दाबून धरायचं एकालाही सुचलं नाही. चूक माझीच होती.

आता पेटी शेवटी उघडते. आधी फळ्यावर प्रश्न: ‘तुमच्या घरी काय करतात?’ भाजलं की टूथपेस्ट, फिट आली की कांदा नाहीतर चप्पल, घोळणा फुटला की मान मागे, साप चावला की दोरी आवळायची. फळा भरतो. मग एकेक ओळ करून दाखवूनच पुसायची.

भाजण्यासाठी एकाला 20 मिनिटं नळाखाली हात धरायला लावा. पाचव्या मिनिटाला तो म्हणतो, ‘बाई, झालं ना?’ 20 मिनिटं केवढी असतात, ते असंच कळतं. (हा तास पावसाळ्यात घ्या, एप्रिलात आमच्या टाकीला पाणी नसतं.) घोळणा जोडीने: मान जरा पुढे, नाकाचा मऊ भाग चिमटीत, 10 मिनिटं मध्ये सोडून बघायचं नाही.

सापाला मी पूर्ण तास देते, कारण आमच्याकडे फुरसं फार. पायाला साप चावला असं धरून पैंजण, बूट काढायचे, दोन लाकडी पट्ट्या आणि ओढणीने पाय हलणार नाही असा बांधायचा, आवळायचा नाही. रोग्याने चालायचं नाही, दोघांनी उचलायचं. कापणं, चोखणं बंद. ‘साप मारून न्यायचा ना?’ हे कुणीतरी विचारतंच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर आपल्याकडे एकच प्रतिविषाचं इंजेक्शन चालतं, तेव्हा सापामागे धावण्यात वेळ घालवू नका.

छाती दाबण्याचा सराव कधीही जिवंत मुलावर नको. जुन्या दप्तरात कपडे कोंबा, मधे रिकामी बाटली ठेवा. हाक मारून हलत नाही, नीट श्वासही नाही, तरच दाबायचं: 5 ते 6 सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. कवायतीतल्या ‘तेज चल’च्या तालापेक्षा जलद नाही. दोन मिनिटांत दमतात, म्हणून बदली माणूस शेजारी बसवा.

शेवटी 108. एकाच्या कानाला डस्टर, मी पलीकडची ताई.
‘कुठून बोलताय?’
‘घरून!’
वर्ग हसतो. मग गाव, तालुका, वाडी आणि गाडी वळायची खूण प्रत्येकाकडून वहीत लिहून घेते. गेल्या वर्षी एकाने लिहिलं होतं, ‘आमच्या काकूच्या घरासमोर.’ त्याला परत पाठवला.