‘कमजोरी’ म्हणजे नेमकी कुठली? क्रोन्स-कोलायटिसच्या रुग्णाला विचारताना या चुका टाळा

तिशीतला रुग्ण. अल्सरेटिव्ह कोलायटिस (क्रोन्ससारखाच आतड्याच्या सुजेचा दीर्घकाळ चालणारा आजार) जुना, सध्या संडासवाटे रक्त पडायचं थांबलेलं. “डॉक्टर, कमजोरी वाटते,” म्हणतो. आपण पापणी ओढून बघतो, हिमोग्लोबिन लिहितो, लोहाची गोळी देतो. तो चिठ्ठी घेऊन उठतो, दाराशी जरा घुटमळतो आणि निघून जातो. मराठीत कमजोरी रक्त कमी असलं तरी असते आणि ताठरता येत नसली तरी असते. “म्हणजे चालताना थकता, की संबंधांच्या वेळी?” एवढं विचारायला दहा सेकंद लागतात.

अर्थात, शेजारी आई किंवा सासरे बसलेले असताना हे विचारायचं नाही. तपासणीच्या टेबलावर घ्यायच्या निमित्ताने पडद्याआड न्या किंवा नातेवाइकांना केसपेपर आणायला पाठवा.

“वैवाहिक जीवन कसं आहे?” हा आपला आवडता, सोवळा प्रश्न. त्यातून अविवाहित, विधवा, घटस्फोटित, समलिंगी असे सगळे वगळले जातात आणि विवाहित “ठीक आहे” म्हणून मोकळे होतात. त्यापेक्षा: “या आजारात बऱ्याच जणांना संबंधांच्या वेळी अडचण येते. तुम्हाला तसं काही जाणवतं का? आज बोलायचं नसलं तरी चालेल.”

प्रश्नावली भरून घेतली की काम झालं, हा समज सगळ्यात महागात पडतो. स्त्रियांच्या लैंगिक अडचणी मोजणाऱ्या एफएसएफआय या प्रश्नावलीत 19 प्रश्न असतात, तेही मागच्या 4 आठवड्यांबद्दलचे. एकूण गुण 26.55 किंवा त्याहून कमी आले की बिघाडाची शंका घ्यायची. पण ‘संबंध आलेच नाहीत’ या उत्तराला शून्य गुण आहेत. महिनाभर आजार उसळलेला असेल किंवा नवरा बाहेरगावी नोकरीला असेल, तर चांगली धडधाकट बाईही कागदावर ‘बिघडलेली’ दिसते. शून्य दिसलं की कारण विचारा, बेरीज नंतर. पुरुषांसाठीच्या आयआयईएफ या पाच प्रश्नी प्रश्नावलीत 25 पैकी 21 किंवा कमी म्हणजे ताठरतेची तक्रार. इच्छा कमी आहे का, हे त्यात येतच नाही. आणि मध्येच संडासला पळावं लागेल ही भीती, पोटावरची मळ गोळा करणारी पिशवी, भगंदरातून येणारा स्राव यांबद्दल दोन्ही कागद गप्प. ते तोंडीच विचारावं लागतं.

बाई “दुखतं” म्हणाली तर सुरुवातीला दुखतं की खोलवर, हे विचारा. योनीमार्गातून गॅस किंवा मळ येतो का, हेही विचारा. कोणीही आपणहून सांगत नाही. येत असेल तर गुदाशय आणि योनी यांच्यातला फिस्टुला (नको तिथे तयार झालेली वाट) शोधायला हवा. तपासणी संमती घेऊन आणि नर्स हजर असतानाच.

कोलायटिसवरच्या सल्फासालाझिन या गोळीचा घोळ वेगळाच. या औषधाने शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटते. बंद केल्यावर साधारण दोन-तीन महिन्यांत सुधारते. ‘मूल राहत नाही’ आणि ‘संबंध जमत नाहीत’ या दोन तक्रारी एकाच ओळीत लिहिल्या की रुग्ण गोळीलाच नामर्दपणाचं कारण समजतो, परस्पर बंद करतो आणि महिन्याभरात रक्त पडत परत येतो. मूल हवं असेल तर मेसालामाइनवर बदलता येतं. ताठरतेचं कारण मात्र दुसरीकडे शोधा: मधुमेह, रक्तदाब, स्टेरॉइडने सुजलेला चेहरा आणि ढासळलेला मूड.

मूडचं तर विशेष. या रुग्णांत लैंगिक तक्रारींशी नैराश्याचं नातं अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय, तरी पीएचक्यू-9 ही नैराश्याची प्रश्नावली आपण शेवटी काढतो, वेळ उरला तर. त्यात नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांनीही इच्छा कमी होते, कामपूर्ती लांबते. म्हणजे गोळी सुरू करण्याआधी काय होतं, हे लिहिलेलं नसेल तर पुढे दोष आजाराचा की औषधाचा, ते कळत नाही.

पाउच शस्त्रक्रियेच्या (मोठं आतडं आणि गुदाशय काढून लहान आतड्याची पिशवी जोडायची शस्त्रक्रिया) आधी तर ही नोंद हवीच. गुदाशयाजवळच्या नसांना इजा झाली तर ताठरता जाऊ शकते, वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाऊ शकतं. स्त्रियांमध्ये चिकटलेल्या गर्भनलिकांमुळे गर्भधारणा अवघड होऊ शकते. हे टाके घालायच्या आधी सांगायचं असतं, सही घेताना घाईघाईत नव्हे.