लाइन १० गिगाबिटची, कॉपी मात्र रडतखडत

जळगावच्या एका डाळमिलमध्ये दोन सर्व्हर १० गिगाबिटने जोडलेत. म्हणजे कागदावर सेकंदाला सव्वा गिगाबाइट. बॅकअप मात्र रखडायचा आणि शिव्या बिचाऱ्या नेटवर्क स्विचला. आयपर्फ-३ हे लाइनचा वेग मोजणारं टूल लावून पाहिलं तर लाइन जवळपास पूर्ण भरत होती. मग कॉपी चालू असताना टॉप (प्रोसेसरवरचा भार दाखवणारा प्रोग्राम) उघडून, प्रत्येक कोअर वेगळा दिसावा म्हणून '१' दाबलं. प्रोसेसरचा एकच कोअर शंभर टक्क्यांवर, बाकीचे निवांत! फायली कॉपी करणारं आरसिंक एसएसएच या सुरक्षित जोडणीतून जात होतं, आणि एसएसएच एका जोडणीचं एन्क्रिप्शन (डेटा सांकेतिक करणं) एकाच कोअरवर करतं. प्रोसेसरमध्ये एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीची खास सोय होती, म्हणून चाचा-२० या पद्धतीऐवजी एईएस-१२८-जीसीएम सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत) दिला. फोल्डर वाटून चार आरसिंक एकदम सोडले. बिलांच्या बारीकसारीक फायली टारने एकाच फायलीत बांधूनच पाठवल्या. आता अडतं ते डिस्कपाशी. जम्बो फ्रेमच्या, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या नेटवर्क पॅकेटांच्या, नादी लागलो नाही. वाटेतल्या एखाद्या पोर्टचा एमटीयू (पॅकेटच्या आकाराची मर्यादा) ९००० बाइट नसला की नसती डोकेदुखी.