सुरक्षेच्या सूचना साध्या भाषेत, थेट मेलवर

घरात दोन-तीन फोन आणि एक लॅपटॉप असो किंवा चार माणसांचं ऑफिस, सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या ईमेल सूचनांसाठी नाव नोंदवून ठेवा. अनेक देशांत ही सोय फुकट आहे. तांत्रिक अहवालांच्या वाटेला जाऊ नका. सर्वसामान्य नागरिक किंवा छोट्या व्यावसायिकांसाठी वेगळा पर्याय असेल तर तोच निवडा. नाहीतर सर्व्हरमधल्या त्रुटींचे सांकेतिक क्रमांक वाचून आठवडाभरात कंटाळाल.

सूचना आली की एवढंच बघा: आपण वापरतो तो फोन, ॲप किंवा राउटर त्यात आहे का? असेल तर अपडेट त्याच दिवशी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रामने जगभरातले कॉम्प्युटर अडकवले, तेव्हा मायक्रोसॉफ्टचं दुरुस्तीचं अपडेट मार्चपासूनच आलेलं होतं.

भामटे अशा सूचनांची हुबेहूब नक्कलही करतात, बरं का. ‘आजच खातं बंद होईल, इथे क्लिक करा’ असा मेल आला तर लिंकला हात लावू नका. संस्थेचा पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करा आणि तीच सूचना तिथे दिसते का ते पाहा. ऑफिसात हिशेब सांभाळणाऱ्याचंही नाव नोंदवा. बनावट बिलं बहुधा त्याच्याच इनबॉक्समध्ये येऊन पडतात.